डावं मनगट

रविवार पेठेत, बोहरी आळीच्या तोंडाशी,
रंगांच्या दुकानाच्या वर आमचं एक्स-रे सेंटर.
बावीस वर्षं मी इथे माणसांना सांगते आहे:
श्वास घ्या. धरा. सोडा.
मनगटाला श्वासाचं काही नसतं,
तरी सवयीनं तोंडातून गेलं,
आणि त्या मुलानं खरंच धरला.

निनाद बिबवे. वय पंधरा वर्षं चार महिने.
चिठ्ठीवर डॉक्टरांचं अक्षर: डावा हात व मनगट, अस्थिवय.
वडील मार्केट यार्डात, कांद्याच्या गाळ्यावर तोलाईला.
"ह्याच्या बरोबरीचे सगळे वाढीला लागले, मॅडम,
हाच तेवढा अडकलाय,"
जणू पोरगा स्वारगेटच्या सिग्नलला उभा होता.

मुलगा बोलत नव्हता.
का, ते वडिलांनीच सांगितलं, त्याच्यादेखत.
प्रार्थनेच्या रांगेत पाचवीपासून पहिला.
फोनवर कुरिअरवाला त्याला ताई म्हणतो.
मित्रांचे आवाज उन्हाळ्यात फुटले,
दिवाळीपर्यंत बसलेसुद्धा,
आणि ह्याचा अजून अख्खा.
अख्खा आवाज घेऊन फिरायचीही लाज वाटू शकते,
हे मला कधी सुचलं नव्हतं.

पडद्यावर हात उमटला.
बोटांच्या हाडांना बुडाशी एकेक काळी रेघ,
तिथे हाड नाही, कूर्चा आहे. वाढ तिथे राहते.
मोठ्या माणसाच्या हातात ही रेघ मिटलेली असते,
शटर ओढल्यासारखी.
ह्याच्या हातात सगळी दुकानं उघडी.
पण मी शोधत होते अंगठ्याच्या मुळाशी
एक तिळाएवढं हाड.
ते दिसलं की समजायचं, निरोप पोचला.

निरोप निघतो रात्री, झोपेत.
मेंदूच्या तळाशी, तहान-भूक राहते त्याच वस्तीतून,
दीड-दीड तासानं एक ठोका,
सोसायटीच्या गुरख्याच्या काठीसारखा.
खालची वाटाण्याएवढी ग्रंथी तो ऐकते,
रक्तात चिठ्ठी सोडते,
चिठ्ठी वृषणांपर्यंत जाते, तिथे काम सुरू होतं,
आणि घरात कुणाला पत्ता नसतो. कधी वर्षभर.
मग आधी पावलं वाढतात, मग पाय, धड अगदी मागून.
म्हणून ह्या वयातली पोरं चहाचे कप पाडतात.
हात लांब झालेले असतात, त्यांना कुणी कळवलेलं नसतं.
मग कंठ पुढे येतो, स्वरतंतू लांबतात, जाड होतात.
आवाज उशिरा येणारा पाहुणा,
आणि आपण त्यालाच पहिला समजतो.

मीही समजले. दोन वर्षांपूर्वी
इथूनच घरी फोन लावला.
कुणी पुरुष म्हणाला, "हां, बोल."
मी "सॉरी, राँग नंबर" म्हणून ठेवला.
परत लावला. तोच पुरुष. हसत होता.
"अगं आई, मीच."
सकाळी डबा भरून दिला होता त्याला,
तेव्हा फक्त मान हलवली होती त्यानं.
मी जुन्या डार्करूममध्ये जाऊन उभी राहिले,
तिथे आता झाडू आणि बादल्या असतात.

"काही दिसतंय का?"
बारीक, स्वच्छ आवाज.
नियम असा, की आम्ही काही सांगायचं नाही.
डॉक्टर सांगतील, शुक्रवारी.
मी पडदा त्याच्याकडे वळवला.
अंगठ्याच्या मुळाशी एक धुरकट ठिपका.
धूळही असेल म्हणून मी ओढणीच्या टोकानं पुसला.
गेला नाही.
तो इतका जवळ आला की काच त्याच्या श्वासानं भरली,
मी पुन्हा पुसली.
होता.

"किती?" मागून वडिलांनी विचारलं.
मी म्हणाले, "साडेतीनशे. खाली काउंटरला भरा."
ते फीचं विचारत नव्हते.